‘निंदा’ हा शब्द परत बाहेर काढा : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

वाशीच्या मसाला मार्केटात सुक्या मेव्याच्या एका गाळ्यावर मी मेहताजी आहे. आमच्याकडे अफगाणी अंजीर येतो, दोरीत ओवलेल्या माळांमधून. १५ ऑगस्ट २०२१ला आपण इकडे झेंडावंदन करून जिलेबी खात होतो आणि तिकडे तालिबान काबूलमध्ये शिरले. त्याच आठवड्यात माल अडला, भाव सकाळ-संध्याकाळ बदलू लागला. कंदाहारच्या एका व्यापाऱ्याचा आमच्या शेठना निरोप आला होता: माल बांधून तयार आहे, आता कुणाला विचारून पाठवायचा तेवढं सांगा. वीस वर्षांच्या लोकशाहीनंतर तिथल्या माणसाला पडलेला प्रश्न हा होता.

पत्राचं कारण मात्र अंजीर नाही. परवा तुर्भ्याहून ठाणे लोकल पकडली. शेजारचा मुलगा, बॅगेवर आयटी कंपनीचा पट्टा, मित्राला सांगत होता की असल्या देशांत अमेरिकेने घुसून लोकशाही आणलीच पाहिजे, त्याशिवाय ती माणसं सुधारणार नाहीत. घणसोलीला तो उतरून गेला. मी ठाण्यापर्यंत मनातल्या मनात भांडत बसलो.

साहेब, निवडणूक घेणं फार अवघड नाही. पेट्या येतात, शाई येते. अवघड असतं ते हरणं. मी दोनदा पोलिंग एजंट म्हणून बसलोय, दोन्ही वेळा आमचा उमेदवार पडला. दुसऱ्या खेपेला निकालानंतर जिंकलेल्याच्या पोराने मला बोलावून वडापाव दिला. मी मनात शिव्या देत खाल्ला आणि घरी जाऊन झोपलो. हे घरी जाऊन झोपणं कुठल्याही विमानातून खाली टाकता येत नाही. १९७७मध्ये इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या आणि पायउतार झाल्या. आणीबाणी उठवायला कुणाचं आरमार अरबी समुद्रात आलं नव्हतं.

आता काबूल बघा. २०१९च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ९६ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम १८ लाखांची मतं मोजली गेली. आणि ९ मार्च २०२०ला एकाच दिवशी, एकाच शहरात, अध्यक्ष अश्रफ घनी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला या दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली. पहारा परदेशी फौजांचा, पैसा परदेशी, तरी हरलेला घरी जायला तयार नाही.

इराकमध्ये तर हरलेल्याला घरच ठेवलं नाही. २००३मध्ये अमेरिकेने हल्ला केला तो महासंहारक अस्त्रांच्या नावाखाली. ती सापडली नाहीत, मग लोकशाहीचं कारण पुढे आलं. मे महिन्यात अमेरिकेने तिथे नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाची वरच्या फळीतली माणसं सरकारी नोकरीतून बाहेर, दुसऱ्याने सगळं इराकी सैन्य बरखास्त. लाखो माणसं एका सहीने बेकार झाली, बंदुका मात्र त्यांच्याकडेच राहिल्या. जानेवारी २००५ला मतदान झालं. लोकांनी जीव मुठीत धरून रांगा लावल्या, जांभळी बोटं वर केली. त्या हिमतीला माझा नमस्कारच आहे. पण सुन्नी भागांतले बहुतेक लोक मतदानापासून दूर राहिले आणि पुढे जे रक्त सांडलं ते जगाने पाहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचं उदाहरण लोकलमधला तो मुलगाही देत होता. जपानात निवडून आलेली संसद १८९०पासून होती, जर्मनीत १९१९पासून प्रजासत्ताक. तिथे बुजलेली विहीर उपसायची होती. शिवाय ते युद्ध लोकशाही शिकवायला कुणी सुरू केलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मग १९७१चं काय? आपणही फौज पाठवलीच की. पाठवली. पण १९७०च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या १६२पैकी १६० जागा अवामी लीगने आधीच जिंकल्या होत्या. कौल तिथल्या लोकांचा होता, तो चिरडला गेला, एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या दारात आले. आणि मार्च १९७२मध्ये आपली फौज परतली. एवढं करूनही १९७५ला ढाक्यात लष्करातल्याच अधिकाऱ्यांनी अवामी लीगचे नेते शेख मुजीब यांना मारलंच. आपल्या विजयाचाही एवढाच पुरावा निघतो.

थोडं विषयांतर करतो. माझं मार्केट ज्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे तिची मुदत २०२०मध्ये संपली. पुढे करोना, मग आरक्षणाचे खटले, आणि वर्षानुवर्षं निवडून आलेला नगरसेवक नव्हता, प्रशासकच होता. म्हणून काय कुणी बेलापूरच्या पालिका मुख्यालयावर क्षेपणास्त्रं सोडायची होती? लोकलमधल्या मुलाला हे विचारायला हवं होतं. ठाणं आल्यावर सुचलं.

मागणं दोनच. एप्रिल २००३मध्ये लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला होता. हिंदीत शब्द होता ‘निंदा’, इंग्रजीत त्याहून मवाळ. वाजपेयींचं सरकार अमेरिकेशी मैत्री वाढवत होतं, तरी तो ठराव झाला. जुलैत अमेरिका आपलं सैन्य इराकमध्ये मागत होती, तेव्हाही संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय पाठवणार नाही असं आपण सांगितलं. २०११ला लिबियात लष्करी कारवाईला वाट देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावावर मात्र आपण तटस्थ राहिलो. तिथले हुकूमशहा गद्दाफी गेले आणि देशाचे तुकडे पडले. यापुढे कुणीही, मित्र असो वा शत्रू, लोकशाहीच्या नावाने दुसऱ्या देशात घुसला तर ‘चिंता व्यक्त करतो’ यावर भागवू नका. तो जुना शब्द वापरा, आणि संसदेत उभं राहून वापरा.

दुसरं. काबूलमधली संसदेची इमारत आपल्या पैशाने उभी राहिली, २०१५च्या २५ डिसेंबरला पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. ऑगस्ट २०२१मध्ये मात्र आपण अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. त्यात आपल्या कॉलेजांत शिकणारी, सुट्टीला घरी गेलेली मुलंमुली होती. ती इमारत आता निवडून आलेल्यांच्या हाती नाही. ज्या मुलींचं शिक्षण तिकडे बंद झालंय, त्यातल्या काहींना पुणे-मुंबईच्या वसतिगृहांत जागा द्या. फौजेपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडेल, हा हिशेब मी मेहताजी म्हणून सांगतो.

आपला,
मसाला मार्केट, वाशी येथील एक मेहताजी
(राहणार ठाणे)