मध्यपश्चिमेतील वसाहतकार : कुटुंबांची नोंद राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील पहिल्या शेतकरी वसाहतकारांवर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रांत क्वचितच येतो, त्यामुळे तो निवडल्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानतो. मात्र लेखात उभे राहते ते चित्र एकट्या पुरुषाचे आहे. पूर्वेकडून बैलजोडी घेऊन निघालेल्या या तरुणाला सरकारने फुकट जमीन दिली आणि त्याने ओसाड माळ मनगटाच्या जोरावर पिकता केला, असे लेख सांगतो. त्याची पत्नी लेखात दोनदाच येते, एकदा गाडीत बसताना आणि एकदा बाळंत होताना. इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन किंवा नेब्रास्का येथील शेतवस्त्यांचे जे दप्तर आज उपलब्ध आहे, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही. तेथे वस्ती केली ती कुटुंबांनी, बहुतेक वेळा एकमेकांच्या आधाराने आणि कर्ज काढून. ही बाजू वाचकांसमोर यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम फुकट जमिनीविषयी. लेखात ज्याचा उल्लेख आहे तो, वसाहतकारांना सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने 20 मे 1862 रोजी झाला आणि 1 जानेवारी 1863 पासून अमलात आला. त्याआधीच इंडियाना व इलिनॉय या राज्यांतील आणि आयोवाच्याही मोठ्या भागातील जमीन विकली गेली होती. 1820 च्या कायद्याने सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर ठरवला होता आणि किमान 80 एकर घ्यावे लागत असल्याने शंभर डॉलर रोख मोजावे लागत. ज्याच्याजवळ रोकड नसे, तो सावकाराकडे जाई किंवा सैनिकांना बक्षीस म्हणून मिळालेली जमिनीची प्रमाणपत्रे दलालाकडून उधारीवर घेई, आणि त्या उधारीचे व्याज जबर असे. होमस्टेड कायद्याखाली मिळणाऱ्या 160 एकरांसाठी एकंदर शुल्क 18 डॉलर होते हे खरे, पण त्यावर पाच वर्षे राहून जमीन कसल्याचे सिद्ध केल्याशिवाय मालकीपत्र हाती येत नसे. ती पाच वर्षे घरातल्या माणसांनी काय खायचे, याची तरतूद कायद्यात नव्हती.

जमीन मिळाली तरी ती लगेच पेरता येत नसे. प्रेअरीतील, म्हणजे तेथल्या विस्तीर्ण गवताळ माळावरील, गवताच्या मुळ्यांचे जाळे इतके दाट असे की साध्या नांगराचा तेथे निभाव लागत नसे. पहिल्या मोडणीसाठी, म्हणजे कोरी जमीन प्रथम नांगरण्यासाठी, अवजड नांगराला बैलांच्या चार ते सहा जोड्या जुंपाव्या लागत आणि एवढी जनावरे नवागताजवळ नसल्याने हे काम मजुरी देऊन करून घ्यावे लागे. मोडणीची एकरी मजुरी अनेकदा जमिनीच्या मूळ किमतीहून अधिक भरत असे. जॉन डीअरने 1837 मध्ये इलिनॉयमधील ग्रँड डिटूर येथे गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, त्याने काळी चिकट माती फाळाला न चिकटता सुटू लागली, आणि आपल्या लेखात त्याचा गौरव आहे तो योग्यच आहे. परंतु पहिल्या वर्षी अनेक घरांत उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकले जात, आणि या कामात बायकामुलेही असत. लाकूड दुर्मीळ असलेल्या माळावर कुंपण हा तर वेगळाच खर्च होता. इलिनॉयच्या डीकाल्ब गावातील जोसेफ ग्लिडनला 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले, तोपर्यंत पिकात गुरे शिरू नयेत म्हणून दिवसभर राखण करणे हे पोरांचे काम होते.

‘ओसाड माळ’ हा शब्दप्रयोगही दुरुस्त करायला हवा. मिसिसिपी आणि रॉक या नद्यांच्या संगमाजवळ सॉक या मूळनिवासी लोकांचे सॉकेनक हे मोठे गाव होते. त्याच्याभोवती शेकडो एकरांवर मका, घेवडा आणि भोपळा पिकत असे आणि ती शेती सॉक स्त्रिया करीत. 1804 च्या एका वादग्रस्त कराराचा आधार घेऊन त्यांना तेथून हुसकावण्यात आले. ते हिवाळी शिकारीला बाहेर गेलेले असताना गोऱ्या वसाहतकारांनी त्यांची घरे आणि शेते बळकावली, आणि ब्लॅक हॉक यांच्या नेतृत्वाखाली परत येण्याचा जो प्रयत्न झाला त्याचा शेवट 1832 च्या युद्धात झाला. युद्धानंतर मिसिसिपीच्या पश्चिमेकडील पट्टा अमेरिकेने घेतला आणि 1 जून 1833 पासून आयोवात वस्ती सुरू झाली. सॉक लोकांचे सहचर असलेल्या मेस्क्वाकी लोकांनी 1857 मध्ये आयोवाच्या टामा परगण्यात 80 एकर जमीन चक्क पैसे देऊन परत विकत घेतली. त्यांची वसाहत आजही तेथे आहे. पहिल्या वसाहतकारांच्या कष्टांना यामुळे कमीपणा येत नाही, पण त्या मातीत त्यांच्याआधी शेतकरी नव्हते असे लिहिणे चूक आहे.

आता मुख्य मुद्दा. वसाहतकाराची बायको इतिहासात दिसत नाही, याचे एक कारण नोंदींची पद्धत हे आहे. अमेरिकेच्या जनगणनेत 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीची माणसे रकान्यांतील आकडे असत. 1850 मध्ये प्रथमच गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव नोंदले गेले, पण व्यवसायाचा रकाना पंधरा वर्षांवरील पुरुषांपुरताच ठेवला होता. त्याच वर्षीच्या शेतीविषयक तक्त्यात मात्र शेतावर वर्षभरात किती पौंड लोणी निघाले, किती चीज झाले आणि घरगुती उत्पादनांची किंमत किती, हे स्पष्ट विचारले होते. लोणी घुसळणारी बाई होती, ते विकून आलेला माल घरात येत होता आणि सरकार त्याची मोजदादही करीत होते. फक्त तो आकडा ज्या ओळीत पडत असे, त्या ओळीच्या सुरुवातीला नाव नवऱ्याचे असे. दीडशे वर्षांनंतर लिहिणाऱ्याने ती ओळ तशीच उचलावी, हे मला खटकले.

हे लोणी म्हणजे जोडधंद्याची किरकोळ मिळकत होती, असे कोणी समजू नये. गव्हाचे किंवा डुकरांचे पैसे वर्षातून एकदा येत आणि ते बहुतांशी जमिनीचा हप्ता, व्याज आणि अवजारे यांत जात. कॉफी, साखर, मीठ, कापड आणि औषध हे सर्व गावातल्या दुकानातून लोणी व अंड्यांच्या बदल्यात किंवा सुगीपर्यंतच्या उधारीवर येई. म्हणजे पीक बुडालेल्या वर्षी घर तगले की नाही हे अनेकदा गोठ्यावर आणि खुराड्यावर ठरत असे. याशिवाय राख आणि चरबी यांपासून साबण करणे, मेणबत्त्या ओतणे, मांस खारवणे, पाणी वाहणे, कपडे शिवणे ही कामे होतीच. नेब्रास्का आणि कॅन्ससच्या झाडे नसलेल्या भागात गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या थरांनी बांधलेल्या घरांत छतातून माती आणि पावसाळ्यात चिखल गळत असे, आणि चुलीत घालायला गवताचे पीळ, दाणे काढलेली मक्याची कणसे किंवा वाळलेले शेण असे. त्या चुलीवर मळणीच्या दिवशी शेजारपाजारच्या वीसेक माणसांचे जेवण रांधले जाई. या जेवणाचा उल्लेख आपल्या लेखात ‘मेजवानी’ असा झाला आहे. रांधणाऱ्या बाईने तो शब्द वापरला असता की नाही, याविषयी मला शंका आहे.

घरात बाई नसली की काय होत असे, याचे उदाहरण लिंकन यांच्याच बालपणात सापडते. दक्षिण इंडियानातील लिटल पिजन क्रीक या वस्तीत 1818 साली त्यांच्या आई नॅन्सी ‘दुधाच्या आजाराने’ वारल्या. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पांढऱ्या फुलांची एक विषारी रानवनस्पती गाईंच्या खाण्यात आली की तिचे विष दुधात उतरते, हे शास्त्राने निश्चित केले ते विसाव्या शतकात. वस्तीतील लोकांना इतकेच कळे की काही ऋतूंत दूध प्यालेली माणसे मरतात. पुढच्याच वर्षी वडील थॉमस लिंकन केंटकीला गेले आणि तीन मुलांची आई असलेल्या एका विधवेशी लग्न करून तिला घेऊन आले. त्या काळी ही घाई कोणाला वावगी वाटली नसावी, कारण बाईमाणसावाचून असे शेत चालवणे जवळजवळ अशक्यच होते. नदीकाठच्या दलदलीत हिवतापाने सगळे घर एकाच वेळी कुडकुडत पडणे ही तर नेहमीची गोष्ट होती, आणि कोयनेल हे दुकानातील ठरलेले औषध होते.

1874 च्या टोळधाडीविषयी लेखात एक वाक्य आहे. तिथे थोडे थांबायला हवे होते. रॉकी पर्वताच्या बाजूने आलेल्या या टोळांनी 1873 ते 1877 या काळात मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस आणि डाकोटा प्रदेशात उभी पिके तर खाल्लीच, शिवाय वाळत घातलेले कपडे आणि घामाने खारट झालेल्या अवजारांच्या मुठीही कुरतडल्या. तेव्हा सरकारने बियाण्यासाठी पैसे दिले, लष्कराच्या कोठारातील कपडे वाटले आणि पीक गेलेल्या होमस्टेडधारकांना हक्क न गमावता काही काळ जमिनीपासून दूर राहण्याची मुभा दिली. अनेक पुरुष मजुरीसाठी दूर निघून गेले. मागे उरलेली बाई आणि मुले गुरे, घर आणि दाव्याची, म्हणजे मालकीपत्र अजून हाती न आलेली, जमीन सांभाळत राहिली. मनगटाच्या जोराची कथा सांगताना ही मदत आणि ही राखण दोन्ही वगळली जातात.

शेजाराशिवाय तर पानही हलत नसे. धान्याचे कोठार उभारणे, कापणी आणि मळणी ही कामे सावडीने होत. ज्याने आज मजूर म्हणून हात दिला त्याच्याकडे उद्या जावेच लागे. लोक येत तेही बहुधा गोतावळ्याने. नॉर्वेतील एकाच खोऱ्यातील घरे विस्कॉन्सिनच्या एकाच वस्तीत उतरत, तर 1847 मध्ये पाद्री हेंड्रिक स्कोल्टे यांच्यामागे काही शे डच लोकांनी आयोवात पेला हे गाव वसवले. इलिनॉयमध्ये 1836 साली फ्रँक मॅकवॉर्टर या पूर्वाश्रमीच्या गुलामाने न्यू फिलाडेल्फिया हे गाव आखले आणि तेथील भूखंड विकून आलेल्या पैशांतून स्वतःच्या मुलानातवंडांना गुलामीतून सोडवले. त्याआधी 1817 मध्ये त्यांनी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले होते आणि दोन वर्षांनी स्वतःचे. वसाहतकार कुटुंब म्हणजे गोरेच कुटुंब, हे गृहीतक लेखात कोठेही बोलून दाखवलेले नाही, तरी ते सर्वत्र जाणवते.

लेखाचा मुख्य आधार परगण्यांचे जुने इतिहासग्रंथ हा दिसतो. 1870 व 1880 च्या दशकांत असे जाडजूड ग्रंथ मोठ्या संख्येने निघाले. ते वर्गणीवर विकले जात आणि त्यांतील चरित्रे बहुधा वर्गणी भरणाऱ्या, गावात टिकलेल्या, सुस्थितीतील पुरुषांची असत. लागोपाठच्या जनगणनांच्या याद्या ताडून पाहिल्या, तर अनेक वस्त्यांतील निम्म्याहून अधिक घरे दहा वर्षांत तेथून निघून गेलेली आढळतात. कर्ज फेडता न आलेली, आजाराने खचलेली किंवा पुढे आणखी स्वस्त जमीन शोधायला गेलेली ही कुटुंबे त्या ग्रंथांत नाहीत, म्हणून आपल्या लेखातही नाहीत.

लेखमालेचा पुढील भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यासाठी लेखकाला एक सुचवावेसे वाटते. होमस्टेड दाव्यांची कागदपत्रे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मालकीपत्र मागताना अर्जदाराने आणि दोन साक्षीदारांनी दिलेल्या जबान्यांत घराची लांबी-रुंदी, दारे-खिडक्या, विहीर, मोडलेले एकर आणि कुटुंबातील माणसे यांची माहिती मिळते. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांना स्वतःच्या नावाने दावा करता येत होता, आणि नवरा मध्येच वारला तर पत्नीला त्याचा दावा पूर्ण करता येत होता. अशा बायकांच्या सह्या किंवा अंगठे त्या कागदांवर आहेत. 1867 मध्ये स्थापन झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेने स्त्रियांना मतदानाच्या हक्कासह पूर्ण सभासदत्व दिले होते, तिच्या स्थानिक शाखांची इतिवृत्तेही पाहण्यासारखी ठरतील. सॉलोमन बुचर यांनी 1886 पासून नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात मातीच्या घरांसमोर काढलेली कुटुंबांची छायाचित्रे आपण छापणार असाल, तर चित्राखालच्या ओळीत ‘अमुक यांचे कुटुंब’ एवढेच न लिहिता, जेथे नोंद उपलब्ध आहे तेथे पत्नीचे आणि मुलांचे नावही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक