इर्शाळवाडीसारख्या वाड्यांची यादी आधी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार. जुलै आला की मला इर्शाळवाडी आठवते आणि यंदा राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी नवी मुंबईत राहतो, आमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं आणि त्याच धरणाच्या वर, इर्शाळगडाच्या पोटाशी ही ठाकर आदिवासींची वाडी होती. गडावर नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, बघायला आम्ही कितीतरी वेळा गेलो, नानिवलीहून तासभर चढायचं आणि वाडीत एका आजीकडे भाकरी आणि ठेचा खायचा. खाली राहायला का येत नाही म्हणून एकदा विचारलं तर म्हणाली, खाली आमचं काय हाय बाबा, शेरडं कुठं चारू. खरंच होतं ते. रान, वरकस म्हणजे उतारावरची हलकी जमीन, शेळ्या सगळं वरच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. रस्ताच नाही तर जेसीबी वर जाणार कसा, लोकांनी भर पावसात फावड्या-कुदळीनं माती उपसली आणि मदतीला चढताना आमच्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी हार्ट अटॅकनं गेला. आजीचा पत्ता मला परत लागला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, हे सरकारनंच सांगितलं. माळीण गाव २०१४ ला दरडीखाली गेलं, तळीये २०२१ ला, तरी नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की यादी महसुली गावाच्या नावानं नको, वाडी-वाडीची करा. गाव खाली सपाटीला असतं आणि त्याचीच वाडी तीव्र उतारावर, मग एकाच नावात दोघांचा धोका कसा कळणार? पाऊससुद्धा महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावं मिळून असलेल्या भागाच्या, ठिकाणी मोजतात, डोंगरावर किती पडला ते कुणाला कळतंय. भूवैज्ञानिकांनी वर्षातून एकदा तरी वाडीत चढून जावं आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं, जमिनीला भेग कुठं पडली, झऱ्याचं पाणी कधी गढूळ झालं, हे त्यांना माहीत असतं.

आणि कायमचं खाली आणायचं नसेल तर निदान पावसाचे चार महिने पायथ्याला पक्का निवारा द्या, शेळ्यांच्या गोठ्यासकट. गोठा नसेल तर कुणी उतरणार नाही.

आपला,
एक वाचक, खारघर