उघडलेला विभाग आपोआप का मिटतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे, भरतीचे लांबलचक ऑनलाइन अर्ज भरताना उघडलेला विभाग मध्येच मिटतो आणि भरलेले सगळे गेले असे वाटून अर्जदार धास्तावतो. खापर नेटवर्कवर फुटते. दोष बहुधा पानाच्या बांधणीत असतो.

असे विभाग एचटीएमएलच्या (वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या) ‘डिटेल्स’ टॅगने, म्हणजे खुणेने, करता येतात. विभाग उघडला की ब्राउझर त्या टॅगला ‘ओपन’ हे ॲट्रिब्यूट (गुणधर्म) लावतो. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. अर्ज आपोआप जतन झाल्यावर सर्व्हर पानाचा तुकडा नव्याने पाठवतो. त्यात ‘ओपन’ नसते, म्हणून जुने-नवे ताडून बदल करणारी पानातली स्क्रिप्ट ते काढून टाकते आणि विभाग मिटतो. या ताडणीतून ‘ओपन’ वगळले की काम झाले. बहुतेक अर्जांना एवढे पुरते, सर्व्हरला काही कळवण्याची गरजच नसते.

दुसऱ्या यंत्रावरही तेच विभाग उघडे दिसायला हवे असतील, तरच सर्व्हरवर नोंद ठेवावी. तिथे ‘असेल त्याच्या उलट कर’ असा निरोप धाडणे ही हमखास चूक. उत्तर न आल्याने तीच विनंती पुन्हा गेली, की उघड्याचे बंद होते. त्याऐवजी ‘पत्त्याचा विभाग उघडा आहे’ अशी थेट स्थिती पाठवावी, ती दोनदा पोहोचली तरी बिघडत नाही. सोबत त्या टॅबमधून गेलेल्या विनंत्यांचा वाढता क्रमांक द्यावा, म्हणजे उशिरा पोहोचलेली जुनी विनंती बाजूला टाकता येते. विभागाची ओळख न बदलणाऱ्या आयडीने (स्वतंत्र नावाने) ठेवावी. ‘तिसरा विभाग’ अशी नोंद असेल, तर मध्ये नवा विभाग घातल्यावर भलताच उघडतो.

विभाग उघडल्या-मिटल्याची दखल घेणारा कोड, म्हणजे लिसनर, क्लिकवर नको, ‘टॉगल’ इव्हेंटवर (उघडझाप झाली की ब्राउझर देतो त्या सूचनेवर) हवा. पानात शब्द शोधला की क्रोम मिटलेला विभाग स्वतःच उघडतो, तिथे क्लिक होतच नाही. मात्र ‘टॉगल’ बबल होत नाही, म्हणजे विभागाकडून वर बाहेरच्या घटकांकडे जात नाही. पूर्ण अर्जाला एकच लिसनर लावायचा तर कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट बाहेरून आत विभागाकडे जाताना, लावावा. शिवाय मुळातच उघड्या आलेल्या विभागासाठीही हा इव्हेंट पान लोड होताना एकदा येतो, म्हणून शेवटच्या नोंदलेल्या स्थितीशी पडताळून फरक असेल तरच विनंती पाठवावी.

लोकलस्टोरेजमधली (ब्राउझरमधल्या साठ्यातली) स्थिती सर्व्हरला पान बनवताना दिसत नाही. त्यामुळे विभाग आधी मिटलेला येतो आणि मग झटक्यात उघडतो. कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली छोटी नोंद, विनंतीसोबतच जाते, तिने हा धक्का टळतो. फक्त असे पान सर्वांसाठीच्या सामायिक कॅशमध्ये (तयार पानांच्या साठ्यात) ठेवू नये, नाहीतर एकाचे उघडे विभाग दुसऱ्याला दिसतील.

– एक वेब डेव्हलपर, पुणे