खरखरीबद्दल आभार

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्हाला समोर बसवून आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, ती केबल नीट गुंडाळ आधी" म्हणून विषय बदलणार. नावं कुणाचीच घालत नाही. तुमचं नाही, आपल्या रेडिओ स्टेशनचं नाही आणि साहेबांचं तर नाहीच.

सुरुवात हेडफोनपासून करते. साहेबांचा हुकूम होता की निवेदकाने हेडफोनमध्ये स्टुडिओतलं नाही, हवेवर गेलेलं ऐकायचं. "श्रोता जे ऐकतो तेच तू ऐक." तत्त्व म्हणून झकास. पण माझा आवाज माइकमधून डिजिटल लिंकने ट्रान्समीटरपर्यंत जायचा, वाटेत आवाजावर काम करणाऱ्या प्रोसेसरमधून फिरायचा आणि रिसीव्हरवरून परत माझ्या कानात यायचा तो जरा उशिरानेच. पाव सेकंदही नसेल, पण तेवढा पुरतो. मी "नमस्कार" म्हणायची आणि "कार"वर पोचले की कानात "नम" यायचं. शब्द ओढले जायचे, एकच अक्षर दोनदा निघायचं. आठवड्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ही तोतरी कुणी घेतली रे?" दोघं-तिघं हसले. तुम्ही हसला नाहीत, पण बोललाही नाहीत, आणि खरं सांगते, मला सगळ्यात जास्त राग तुमचाच आला. घरी जाऊन तेच स्क्रिप्ट मोठ्याने वाचलं. एकदाही अडखळले नाही. त्याचा तर मी आणखीच धसका घेतला. म्हणजे जीभ ठीक आहे, आपल्यातच दम नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शोच्या आधी तुम्ही आत आलात, हेडफोनमध्ये काय ऐकू यावं ते ठरवणारं मॉनिटरचं बटण "ऑफ एअर"वरून (हवेवरून परत येणारा आवाज) "प्रोग्रॅम"वर (थेट स्टुडिओतला आवाज) आणलंत आणि म्हणालात, "वाच." मी घडाघडा वाचलं. तुम्ही बटण परत होतं तिथे नेलंत. "आता वाच." दुसऱ्याच ओळीला माझी गाडी अडकली. मग तुम्ही स्टुलावर बसून सांगितलंत की माणसाला स्वतःचा आवाज साधारण एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकवला, की चांगला बोलणाराही चाचरायला लागतो. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० सालीच हे लिहून ठेवलंय. "तुझी जीभ ठीक आहे. जोडणी चुकलीय." एवढं बोलून बटण "प्रोग्रॅम"वर ठेवलंत आणि त्यावर चिकटपट्टी लावलीत. ती चिकटपट्टी मी असेपर्यंत तिथे होती. मी पुन्हा चाचरले नाही, आणि साहेब सगळ्यांना सांगत सुटले की ओरडल्यावर कशी सुधारली बघा.

मग टॉकबॅक. बाहेरून वाचणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांनी स्टुडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: कंट्रोल रूममधून निवेदकाच्या कानात बोलायची ती सोय. "वीस सेकंद", "दोनवर फोन आहे", असे चार शब्द बोलण्यापुरती. साहेब तिच्यावरून भाषणं करायचे. माइक चालू, मी कुणा आजींना त्यांच्या आवडीचं गाणं सांगतेय, आणि कानात, "हळू. अगं हळू! काय वाचतेयस? आणि जरा हसून बोल ना!" एका कानाने आजी, दुसऱ्या कानाने हे.

एका सोमवारी टॉकबॅक बिघडला. साहेब बटण दाबायचे, लाल दिवा लागायचा, माझ्या कानात मात्र नुसती बारीक खरखर. "सोल्डर सुटलंय बहुतेक. पार्ट मागवलाय," तुम्ही म्हणालात. तोवर काचेपलीकडून तुमचे हात बोलायला लागले. बोट हवेत गोल फिरलं की आवरतं घे, दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं केलं की अजून बोल, गळ्यावरून बोट फिरलं की थांब. तुमच्या मागे साहेबांचं तोंड उघडझाप करताना दिसायचं, काचेच्या टाकीतल्या माशासारखं. (हे वाक्य लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. राहू दे.)

मागून मोजायला तुम्हीच शिकवलंत. बातम्या तासाच्या ठोक्याला, निरोपाला ४० सेकंद, शेवटचं गाणं ३ मिनिटं १० सेकंदांचं, म्हणजे गाणं ५६ मिनिटं १० सेकंदांवर सुटायलाच हवं. "बीबीसीच्या वेळेच्या टिप-टिप १९२४पासून चालू आहेत, त्या कुठल्या साहेबासाठी थांबल्या नाहीत, तुझ्यासाठी थांबतील?" या तुमच्या बोलण्यावर मी तेव्हा हसले नव्हते. आता रोज हसते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट लॉगबुकाची. तिची सुरुवात माझ्या चुकीने होते. एकदा गाणं लागल्यावर मी माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घ्यायला विसरले आणि मैत्रिणीला फोनवर "आज परत डोकं खाल्लं त्याने" म्हणाले. हवेवर. तुम्ही ड्यूटी लॉगमध्ये लिहिलंत: "निवेदकाचा माइक ११ सेकंद उघडा. चूक निवेदकाची." मी रडकुंडीला येऊन म्हटलं, काका, खोडा ना. तुम्ही मान हलवलीत. "घडलंय ते लिहिलंय." आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही.

दोन महिन्यांनी ती संध्याकाळ आली. साहेब चालू शोमध्ये आत घुसले आणि ठरलेलं गाणं थांबवून नव्या प्रायोजकाची जाहिरात लावायला लावली. ती जाहिरात सिस्टिममध्ये चढलेलीच नव्हती. ४७ सेकंद हवेवर काहीही नाही. शांतता ओळखून आपोआप गाणं लावणारं यंत्र आपल्याकडे होतं, पण एका कवितेच्या लांबलेल्या विरामात त्याने मध्येच ढोलकी वाजवल्यापासून साहेबांनी ते बंद ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मेमो माझ्या नावाने. वरच्या ऑफिसातून चौकशीला माणूस आला, आणि त्याने तुम्हाला विचारलं. तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत. नुसतं लॉगबुक पुढे केलंत. वेळ, घटना, आणि तिसऱ्या रकान्यात "कुणाच्या सांगण्यावरून". हवेवर गेलेलं सगळं टिपून ठेवणाऱ्या लॉगरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये माइक बंद व्हायच्या आधीचं साहेबांचं अर्धं वाक्यही होतं, "ते राहू दे, आधी ती जाहि..."

साहेब म्हणाले, हा तिला सांभाळून घेतो, तिच्या सोयीचंच लिहिणार. त्या माणसाने मागची पानं चाळली. बोट थांबलं ते ११ सेकंदांवर. त्याने ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली. मेमो कागदोपत्री कुणी मागे घेतला नाही. फक्त त्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

ती ओळ तुम्ही खोडली असतीत तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. तुमच्याशी आठवडाभर तोंड फिरवलं त्याची माफी मी तेव्हा मागितली नव्हती. आता मागते.

परवा माझ्या जागेवर लागलेल्या मुलीचा फोन आला होता. कामाचं थोडंफार विचारायचं होतं तिला. बाकी सगळं जमतंय म्हणाली. साहेब जरा कडक वाटतात, पण शो चालू असताना त्रास होत नाही, कारण टॉकबॅकला सारखी खरखर असते. काका म्हणतात, पार्ट यायचाय.

तुमची,
अकरा सेकंदवाली