डॅनिश घरातला नाताळ

संपादक महोदय,

परदेशी शिकायला गेलेली मुले सणासुदीला एकटी पडतात, असे नेहमी ऐकू येते. मी एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात एका डॅनिश कुटुंबात राहते. मला तसे वाटले नाही. इथला मुख्य नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. भाजलेले बदक, साखरेत परतलेले बटाटे, मग चेरीच्या सॉससोबत थंडगार ‘रिसालामांड’, म्हणजे तांदळाची खीरच. तिच्यात एकच अख्खा बदाम, तो सापडेल त्याला छोटीशी भेट. ज्याला सापडतो तो गालात लपवून गप्प बसतो आणि बाकीचे पोट भरले तरी खातच राहतात! मग झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावून सगळे हात धरून, गात त्याभोवती फेर धरतात. आजोबासुद्धा. (पाण्याची बादली जवळ असते, हे बरे.) भेटवस्तू त्यानंतरच. इथे येणाऱ्यांनी त्या संध्याकाळी खोलीत फोन घेऊन बसू नये. गाणी येत नसली तरी चालते, ती कागदावर लिहिलेली असतात.

– एक विद्यार्थिनी, ओडेन्स