'वरून ऑर्डर आहे'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नर्सेसच्या मानसिक आरोग्यावर जे काही छापून येतं ते मी वाचत असते आणि सगळीकडे तेच असतं, कामाचा ताण, झोप नाही, डोळ्यासमोर मृत्यू बघितले वगैरे. खोटं काहीच नाही त्यात. पण ३० वर्षं मी वॉर्डात काढलीत, त्यातली शेवटची दोन कोविडमध्ये, आणि मला विचाराल तर आमच्यातल्या बऱ्याच जणी पेशंटमुळे नाही, वरच्यांमुळे खचल्या.

आमच्याकडे दोन कोविड वॉर्ड होते, दोन इन्चार्ज सिस्टर, मी रिलीव्हर म्हणून, म्हणजे कोणी सुट्टीवर असेल तिच्या जागी, दोन्हीकडे ड्युटी केली. पेशंट तेवढेच, किटसुद्धा तीच. एकीकडे मुली रडायच्या पण ड्युटीला यायच्या, दुसरीकडे सिक लीव्हचे अर्ज थांबेनात. पहिली इन्चार्ज रोज ड्युटी बदलताना, हँडओव्हरला, स्वतः उभी राहायची आणि सरळ सांगायची की आज एन-९५ एवढेच आलेत, उद्याचं मला माहीत नाही, कळलं की ग्रुपवर टाकते. दुसरी म्हणायची 'सगळं आहे, घाबरू नका' आणि मास्कचं कपाट कुलपात. रोस्टर रात्री अकराला व्हॉट्सअपवर, सकाळी सातला ड्युटी, विचारलं की 'वरून ऑर्डर आहे'. हे 'वरून' म्हणजे नक्की कोण ते मला रिटायर होईपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात वाईट काय असायचं तर रात्री दोनला पेशंट जातोय, मुलगा बाहेर उभा आहे, आत सोडायचं नाही असा नियम, आणि ते त्याला सांगायचं कोणी, तर सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेल्या मुलीने. पहिली म्हणायची, नातेवाईक भांडले तर माझं नाव सांगा, मला फोन लावून द्या. आणि फोन उचलायची हो! दुसरीच्या वॉर्डात असं काही झालं की सकाळी मेमो तयार. मग मुली काही सांगायच्याच बंद झाल्या, अगदी चुकासुद्धा.

आणि हा नुसता वाईट वाटण्याचा प्रश्न नाहीये. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत सार्स, कोविडसारखाच श्वसनाचा आजार, पसरला होता, मे महिन्यात साथ संपली असं धरून खबरदारी सैल केली, तेव्हा एका हॉस्पिटलमधल्या नर्सेस सांगत होत्या की हे पेशंट सार्सचेच वाटतात. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही आणि दुसरी लाट आली. नंतर न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने हे सगळं नोंदवलं, आणि पक्का पुरावा मिळेपर्यंत थांबू नका, धोका दिसला की आधी खबरदारी घ्या असंही बजावलं. कॅनडात त्या साथीत ४४ माणसं गेली, त्यात दोन नर्सेस होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा अर्थ सांगितला तो असा, की कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था. आता हा ताण हाताळायचा कोणी, नर्सने? आमच्या मॅनेजमेंटला तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी ऑनलाइन मेडिटेशनचं सेशन ठेवलं, तेही नाइट करून घरी गेलेल्यांना सकाळी दहाला, अटेंडन्स कम्पल्सरी.

त्या दुसरीलाही मी सगळा दोष देत नाही. तिला मीटिंगला कधी बोलवायचे नाहीत, निर्णय झाला की फक्त कागद यायचा आणि तिने तो पुढे ढकलायचा. बरं, माणसं तरी कुठे होती, महामारीच्या आधीच जगात ५९ लाख नर्सेस कमी होत्या असं आरोग्य संघटनेच्याच २०२०च्या अहवालात आहे. त्यात रोस्टर जुळवून दाखवा म्हणावं. म्हणून मास्क, बेड, ड्युट्या ठरवायला बसतील तेव्हा वॉर्डातली एक तरी नर्स तिथे बसवा आणि ती 'पुरणार नाही' म्हणाली तर ते लिहून घ्या, एवढं जरी छापलंत तरी खूप झालं.

पहिल्या इन्चार्जला पुढे काही सत्कारबित्कार मिळाला नाही. आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्या दिवशी ती स्टोअरमध्ये होती, मास्क मोजत.

आपली,
एक रिटायर्ड स्टाफ नर्स