‘सध्या चालू असलेली औषधे’ एवढं विचारून भागत नाही

मा. संपादक,
स.न.

आईला दाताचं इम्प्लांट बसवायचं ठरलं. दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा रकाना होता. तिने रक्तदाबाची गोळी लिहिली. हाडं ठिसूळ झाली म्हणून सात महिन्यांपूर्वी सलाइनमधून घेतलेलं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड तिच्या ध्यानातही आलं नाही. मलाही ते ऐनवेळी, खुर्चीशेजारी उभी असताना आठवलं. यात तिची चूक नव्हती. वर्षातून एकदा घेतलेल्या औषधाला ‘चालू’ कोण म्हणतं?

ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, बरीचशी औषधं अशीच आहेत. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्याला, आयबॅन्ड्रोनेटची महिन्याला, डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी. ती हाडांची झीज रोखतात. पण जुनं हाड झिजून नवं येण्याचा क्रमही त्यामुळे मंदावतो. मग दात काढल्यावर किंवा इम्प्लांटसाठी हाडात भोक पाडल्यावर एखाद्याची जखम भरतच नाही. जबड्याचं हाड उघडं पडतं आणि मरतं. डॉक्टरांना हे २००३ पासून माहीत आहे.

हे वाचून कुणी घाबरू नये. ऑस्टिओपोरोसिससाठी बिस्फॉस्फोनेट गटातल्या (वरच्यांपैकी डेनोसुमॅब सोडून बाकीची औषधं या गटातली) गोळ्या घेणाऱ्या १०,००० जणांत साधारण २ ते ५ जणांना हा त्रास होतो आणि त्यांच्यात इम्प्लांट सरसकट वर्ज्य नाही. कर्करोगात हीच औषधं फार मोठ्या मात्रेत देतात, तिथे धोका कितीतरी जास्त. मधुमेह, धूम्रपान, स्टेरॉइड, हिरड्यांतला जंतुसंसर्ग यांनीही तो वाढतो.

मला जास्त काळजी वाटते ती भीतीपोटी परस्पर औषध बंद करणाऱ्यांची. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं, चार दिवस गोळी चुकवून काही साधत नाही. डेनोसुमॅबचं इंजेक्शन लांबवलं तर मणक्यांची हाडं एकामागून एक मोडू शकतात. दात वाचवायला निघून पाठ गमावायची का? हा निर्णय दंतवैद्यांनी आणि हाडांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलूनच घ्यावा. आईच्या बाबतीत दोघं बोलले, आधी हिरड्यांवर उपचार झाले, मगच पुढचं ठरलं.

दंतवैद्यांना माझी कळकळीची विनंती आहे. फॉर्मवर एक ओळ वाढवा : ‘हाडांसाठी गोळी, इंजेक्शन किंवा सलाइन कधीही घेतलं आहे का? किती वर्षं?’ आणि हाडांच्या डॉक्टरांनी पहिला डोस देण्याआधी रुग्णाला दात तपासून यायला सांगावं.

– एक वाचक